विकीच्या पानापासून वर्गातील स्लाइडपर्यंत

प्राथमिक शाळेतील अध्यापनात दृक्‌साधनांचे महत्त्व आता नव्याने पटवून देण्याची गरज राहिलेली नाही. नकाशा, तक्ता, फळ्यावरील आकृती, चित्रपट्टी ही साधने शिक्षकांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. अलीकडे अनेक गावांच्या शाळांत प्रोजेक्टर किंवा मोठा पडदा आला, आणि त्याबरोबर स्लाइड तयार करण्याचे नवे काम शिक्षकावर येऊन पडले. हे काम बहुधा एकाच रीतीने होते. संगणकावर एखादे पान वाचावयाचे, त्यातील वाक्ये उचलून स्लाइडवर डकवावयाची, बिघडलेली अक्षरे पुन्हा टंकावयाची आणि शोभेसाठी एखादे चित्र लावावयाचे. पुढील वर्षी दुसऱ्या वर्गासाठी हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो. शिवाय स्लाइडवरील वाक्य मुळात कोठून आले, हे काही काळाने खुद्द ती तयार करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे श्रम वाचावेत आणि वाक्याचा उगमही हरवू नये, यासाठी विकीच्या पानाचे स्लाइडमध्ये आपोआप रूपांतर करणारी साधने निर्माण झाली आहेत. ती कशी चालतात, मराठी मजकुराच्या बाबतीत ती कोठे अडतात, आणि ती मुक्त असणे शिक्षकाच्या दृष्टीने का अगत्याचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी वऱ्हाडातील प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेले एक नाव घेतले आहे. ते नाव म्हणजे पूर्णा नदी.

१. विकी म्हणजे काय

वाचकालाच ज्यात दुरुस्ती करता येते अशा संकेतस्थळाला विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी असे पहिले स्थळ खुले केले. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. याच कल्पनेवर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला, आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

विकीचे पान वाचकाला छापील पानासारखे दिसते. परंतु त्याच्या आत साधा मजकूर आणि थोडी चिन्हे एवढेच असते. ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हे घातली की ती ओळ मथळा होते. तीन-तीन घातली की उपमथळा होते. ओळीच्या आरंभी तारकाचिन्ह दिले की ती यादीतील एक मुद्दा ठरते. दुहेरी चौकोनी कंसातील शब्द दुसऱ्या पानाचा दुवा होतो, आणि दुहेरी महिरपी कंसातील नाव ‘साचा’ ठरते. पानाच्या कडेला दिसणारी माहितीची चौकट अशा साच्यातून तयार होते. पूर्णा नदीवरील पानाचा एखादा भाग आतून पुढीलप्रमाणे असू शकेल :

== उगम ==
* सातपुड्यातील गाविलगड डोंगररांग
* मध्य प्रदेशातील बैतूल जिल्हा
== उपनद्या ==
* पेढी, चंद्रभागा, शहानूर
* काटेपूर्णा, मोर्णा, मन

ही चिन्हे पाहिली की स्लाइडशी असलेले त्यांचे नाते चटकन ध्यानात येते. मथळा म्हणजे स्लाइडचे शीर्षक आणि तारांकित ओळ म्हणजे स्लाइडवरील मुद्दा. पान लिहिणाऱ्याने मजकुराची विभागणी आधीच करून ठेवलेली असते. यंत्राने ती ओळखावयाची असते, एवढेच.

२. रूपांतराच्या तीन पायऱ्या

रूपांतराचे काम तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी पान मिळविण्याची. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नावाच्या प्रणालीवर चालतो, तिने बाहेरील प्रोग्रामना पानाचा मूळ मजकूर मागण्यासाठी एक ठरावीक द्वार ठेवले आहे. त्यामुळे पान डोळ्यांनी पाहून उतरवून घ्यावे लागत नाही. चिन्हांसह संपूर्ण मजकूर थेट मिळतो.

दुसरी पायरी वाचनाची. येथे साधन प्रत्येक चिन्हाचा अर्थ लावून मजकुराचा जणू एक वंशवृक्ष तयार करते. पान हा मूळ पुरुष, मथळे ही त्याची मुले आणि परिच्छेद व याद्या ही नातवंडे. एकदा हा वृक्ष तयार झाला की मूळ चिन्हांची गरज उरत नाही.

तिसरी पायरी लेखनाची. या वृक्षातून नवे रूप बाहेर काढले जाते. एकाच वृक्षातून छापण्याजोगा कागद, वाचण्याजोगे पुस्तक किंवा पडद्यावर दाखविण्याजोग्या स्लाइड काढता येतात.

ही पद्धत उत्तम रीतीने अमलात आणणारे ‘पॅनडॉक’ नावाचे मुक्त साधन २००६ सालापासून उपलब्ध आहे. त्याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. शिक्षकाच्या नित्याच्या कामाचे हे साधन एका शिक्षकानेच घडविले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. पॅनडॉक मीडियाविकीचा मजकूर वाचते आणि त्यातून पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये उघडणारी फाइल लिहू शकते. ‘रिव्हील’ या पद्धतीच्या स्लाइडही त्यातून निघतात. हकीम अल हत्ताब यांनी २०११ साली आरंभिलेली ही पद्धत साध्या ब्राउझरमध्ये चालते. सर्व भाग एकत्र बांधून घेतल्यास अशी फाइल पेनड्राइव्हवरून नेता येते, आणि इंटरनेट नसतानाही दाखविता येते. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील ज्या गावांत मोबाइलची रेंज येत-जात असते, तेथे ही सोय मोलाची आहे.

स्लाइड कोठे तोडावी, याचा पॅनडॉकचा नियम सोपा आहे. ज्या पातळीच्या मथळ्याखाली थेट मजकूर आहे, अशी सर्वांत वरची पातळी ते शोधते आणि त्या पातळीच्या प्रत्येक मथळ्याला नवी स्लाइड आरंभते. त्याहून वरचा मथळा प्रकरणाच्या मुखपृष्ठासारखी स्वतंत्र स्लाइड होतो. खालचा मथळा स्लाइडच्या आत राहतो. ही पातळी वापरणाऱ्याला स्वतःही ठरवून देता येते.

३. यंत्राला काय कळत नाही

येथपर्यंतचे काम यंत्र चोख करते. परंतु मथळा ओळखणे निराळे आणि मजकूर समजणे निराळे. पूर्णा नदीचेच उदाहरण पाहावे. गाविलगडच्या रांगेत उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहणारी आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळणारी ती वऱ्हाडची पूर्णा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून मराठवाड्यातून वाहणारी आणि गोदावरीस मिळणारी ती दुसरी पूर्णा. येलदरी धरण या दुसऱ्या पूर्णेवर आहे. गुजरातेत नवसारीजवळून अरबी समुद्रास मिळणारी आणखी एक पूर्णा आहे. नाव एक आणि नद्या तीन.

समजा, कोणी घाईने वऱ्हाडच्या पूर्णेच्या पानावर ‘या नदीवर येलदरी धरण आहे’ असे वाक्य घातले. रूपांतराचे साधन ते वाक्य तितक्याच निष्ठेने स्लाइडवर आणील. पानावर असताना ते वीस वाक्यांपैकी एक होते. स्लाइडवर ते चार मुद्द्यांपैकी एक होते आणि अंधारलेल्या वर्गात भिंतभर उजळून दिसते. चौथीच्या मुलाला त्या अक्षरांवर शंका घेण्याचे कारण नसते. म्हणून रूपांतर जितके सोपे, तितकी शिक्षकाची जबाबदारी वाढते.

अशी चूक आढळल्यास ती कोठे दुरुस्त करावी, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. स्लाइडवरील वाक्य पुसून टाकणे सर्वांत सोपे. पण त्यामुळे केवळ एका वर्गाची चूक दुरुस्त होते. मूळ पान तसेच राहते आणि शेजारच्या गावातील शिक्षक दुसऱ्या दिवशी तीच चूक आपल्या भिंतीवर उमटवितो. उलट दुरुस्ती मूळ पानावर केली आणि साधन पुन्हा चालविले, तर त्या पानावरून यापुढे निघणारी प्रत्येक स्लाइड शुद्ध निघते. विहिरीचे पाणी गढूळ असेल तर प्रत्येक घागर गाळीत बसण्यापेक्षा विहीर उपसणे बरे, हा व्यवहार खेड्यात कोणाला शिकवावा लागत नाही.

विकीवर दुरुस्ती करताना मात्र आधार द्यावा लागतो. ‘गावातील सर्वांना ठाऊक आहे’ हा आधार तेथे चालत नाही. जिल्ह्याचे गॅझेटिअर, शासकीय प्रकाशन किंवा विश्वासार्ह ग्रंथ यांचा हवाला द्यावा. पानाची प्रत्येक आवृत्ती विकीवर जपून ठेवलेली असते आणि तिला स्वतंत्र क्रमांक असतो. स्लाइडच्या शेवटी तो क्रमांक व दिनांक छापण्याची सोय साधनातच ठेवावी. त्यामुळे स्लाइड कोणत्या दिवशीच्या पानावरून निघाली, हे केव्हाही पडताळता येते.

४. मजकूर, निवड आणि रूप

दुरुस्ती पानावर करावी हे मान्य केले, तरी शिक्षकाला स्लाइडमध्ये स्वतःचे असे काही घालावेच लागते. पूर्णेच्या पानावर दहा मथळे असतील, तर तिसरीच्या वर्गाला त्यांतील चारच पुरेत. क्रमही बदलावा लागेल. अकोल्याच्या मुलाला आधी मोर्णा दाखवावी, कारण अकोला शहर तिच्या काठी वसले आहे. मग ती पूर्णेस मिळते हे सांगावे. अमरावतीजवळच्या शाळेत हाच आरंभ पेढी नदीपासून व्हावा. आता हे फेरफार तयार झालेल्या स्लाइडवर हाताने केले, तर साधन पुन्हा चालविताच ते पुसले जातील, आणि मग शिक्षक साधन पुन्हा चालविण्याचेच टाळील.

यावरचा उपाय असा की तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवाव्यात. मजकूर विकीच्या पानावर असावा. निवड शिक्षकाच्या एका लहानशा फाइलमध्ये असावी; कोणते मथळे घ्यावयाचे, कोणत्या क्रमाने घ्यावयाचे आणि मध्ये कोणते प्रश्न घालावयाचे, याची ती यादी असते. रूप, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग व मांडणी, तिसऱ्या फाइलमध्ये असावे. साधन या तिन्हींची सांगड घालून स्लाइड काढते. मजकूर सुधारला तरी निवड शाबूत राहते. आणि निवडीची फाइल एका शाळेने दुसरीस दिली, तर त्या शाळेला ती आपल्या गावापुरती बदलता येते. असे साधन बांधू इच्छिणाऱ्यांनी ही विभागणी आरंभीच करावी. मागाहून ती करणे जड जाते.

५. मराठीच्या अडचणी

यांतील बहुतेक साधने युरोपीय भाषांच्या सवयीने बांधलेली असतात. मराठी मजकूर त्यांतून नेताना काही ठरावीक अडचणी येतात.

पहिली अडचण नावांची. मराठी विकिपीडियावर चित्र घालताना ‘चित्र:’, वर्गीकरणासाठी ‘वर्ग:’ आणि साच्यासाठी ‘साचा:’ असे शब्द वापरता येतात. ज्या साधनाला केवळ ‘फाइल’ किंवा ‘इमेज’ ही त्यांची इंग्रजी नावे शिकविली आहेत, ते ‘चित्र:’ या शब्दाला सामान्य दुवा समजते. परिणामी चित्राच्या जागी नुसते नाव उमटते.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. ‘वऱ्हाड’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो : व, ऱ्हा, ड. संगणक मात्र तो सहा संकेतांनी साठवितो, कारण र, हलन्त, ह आणि काना यांना स्वतंत्र संकेत आहेत. काही जुन्या पद्धतींनी टंकल्यास त्यात एक अदृश्य जोडचिन्ह येऊन सात संकेत होतात. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एक शोधला असता दुसरा सापडत नाही. तसेच लांब शीर्षक जागेत बसविण्यासाठी साधनाने संकेत मोजून शब्द तोडला, तर ‘वऱ्’ एवढेच शिल्लक राहते. तोडणी संकेतांवर नव्हे, अक्षरांवर व्हावी, ही मराठी साधनाची पहिली कसोटी होय.

तिसरी अडचण पूर्णविरामाची. ‘डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोला येथे इ. स. १९६९ मध्ये स्थापन झाले’ या वाक्याच्या पोटात तीन टिंबे आहेत. टिंब आले की वाक्य संपले, असे मानणारे साधन या एका वाक्याचे चार मुद्दे करील आणि त्यांतील पहिला मुद्दा केवळ ‘डॉ.’ असा असेल. अशा संक्षेपांची मराठी यादी साधनाला पुरवावी लागते.

चौथी अडचण अक्षरवळणाची. प्रोजेक्टरच्या फिकट उजेडात बारीक अक्षर मागच्या बाकावरून वाचता येत नाही. ‘लोहित देवनागरी’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ अशी मुक्त परवान्याची वळणे उपलब्ध आहेत. ती स्लाइडबरोबरच बांधून द्यावीत, म्हणजे दुसऱ्या शाळेच्या संगणकावर चौकोन दिसण्याचा प्रसंग येणार नाही.

याखेरीज एक उणीव जाणून असावी. माहितीची चौकट साच्यातून येत असल्यामुळे अनेक साधने ती गाळून टाकतात. नदीची लांबी किंवा उगमाची उंची केवळ चौकटीत दिली असेल, तर ती स्लाइडवर येणार नाही. रूपांतरानंतर मूळ पान व स्लाइड शेजारी ठेवून एकदा पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

६. साधन मुक्त का असावे

ज्या साधनाची घडण उघडी असते त्याला ओपन सोर्स किंवा मुक्त साधन म्हणतात. या विचाराचा पाया रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने घातला. असे साधन कोणत्याही हेतूने चालविणे, त्याची घडण अभ्यासून ती बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, असे चार अधिकार वापरणाऱ्याला मिळतात.

हे अधिकार केवळ तत्त्वाचे नव्हेत, हे वरील अडचणींवरून ध्यानात येईल. ‘चित्र:’ हा शब्द साधनाला कळत नसेल, तर त्यावरचा उपाय बहुधा एका यादीत एक शब्द वाढविण्याइतका लहान असतो. साधन बंदिस्त असेल, तर तो एक शब्द वाढविण्यासाठी दूरच्या कंपनीची वाट पाहावी लागते, आणि मराठी ही तिच्या व्यवहारात गौण असल्यास ती वाट कधीच संपत नाही. साधन मुक्त असेल, तर ज्याला मराठी येते आणि थोडा प्रोग्राम वाचता येतो, असा महाविद्यालयीन विद्यार्थीही तो बदल करू शकतो. तो मूळ साधनात स्वीकारला गेला की त्याचा लाभ सर्वांना मिळतो. पान दुरुस्त केल्याने जसे सर्वांच्या स्लाइड सुधारतात, तसेच साधन दुरुस्त केल्याने सर्वांचे काम सुधारते.

ज्या शिक्षकाला प्रोग्राम लिहिता येत नाही, त्याचाही यात वाटा आहे. कोणते वाक्य कोठे तुटले आणि ते कसे दिसावयास हवे होते, हे नेमके लिहून कळविणे ही मोलाची मदत असते. संक्षेपांची यादी तर प्रोग्रामरपेक्षा शिक्षकच अधिक चांगली करील.

७. श्रेय आणि परवाना

विकिपीडियाचा मजकूर फुकट आहे, पण बेवारस नाही. तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तसेच वाटा’ या परवान्याखाली प्रसिद्ध होतो. २०२३ सालापासून या परवान्याची चौथी आवृत्ती लागू आहे. त्यानुसार स्लाइडवर मूळ पानाचे नाव व दुवा द्यावा, परवान्याचा उल्लेख करावा, मजकुरात बदल केला असल्यास तसे नमूद करावे आणि स्लाइड इतरांना देताना त्याच अटींवर द्यावी. चित्रांचे परवाने मजकुराहून वेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक चित्राचे श्रेय स्वतंत्रपणे पाहावे. शेवटची श्रेयस्लाइड साधनानेच आपोआप जोडावी, हे उत्तम. वाचावयास खुले असलेले प्रत्येक स्थळ वापरावयास मुक्त असतेच असे नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. परंतु त्यातील मजकूर स्लाइडमध्ये उतरविण्यापूर्वी त्याच्या अटी निराळ्या तपासाव्यात.

८. वर्गातील उपयोग

तयार स्लाइड म्हणजे तयार पाठ नव्हे. पानावरील मुद्दे जसेच्या तसे वाचून दाखविले, तर पाठ्यपुस्तक भिंतीवर टांगल्यासारखे होईल. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. अमरावतीच्या मातीतील ही रीत स्लाइडलाही लागू पडते.

पूर्णेच्या दोन्ही काठांवर खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट असते व ते शेतीच्या ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. हे वाक्य स्लाइडवर दाखविण्यापूर्वी ‘तुमच्या घरचे पाणी कोठून येते? हापशाच्या पाण्याची चव कशी असते?’ हा प्रश्न एकटा स्लाइडवर असावा. पट्ट्यातील गावाची मुले एक उत्तर देतील, सातपुड्याच्या पायथ्याची मुले दुसरे देतील. मेळघाटातील शाळेत प्रश्नच बदलावा लागेल. कारण तेथील सिपना, गाडगा या नद्या पूर्णेस न मिळता थेट तापीस मिळतात. ज्या वर्गातील मुलांची घरची भाषा कोरकू आहे, तेथे नदी, पाणी, डोंगर यांसाठी मुलांनी सांगितलेले शब्द मराठी शब्दांशेजारी लिहावेत. निवडीच्या फाइलमध्ये या सर्वांना जागा असते. म्हणूनच ती फाइल शिक्षकाच्या हातची असावी.

वीज नसेल त्या दिवशी त्याच स्लाइड कागदावर छापून तक्त्यासारख्या लावता येतात. एका स्लाइडवर चारपेक्षा अधिक मुद्दे आणि एका मुद्द्यात दहा-बारापेक्षा अधिक शब्द नसावेत, असा दंडक ठेवल्यास छापील तक्ताही मागच्या ओळीतून वाचता येतो.

९. सारांश

पानाचे तुकडे करणे, अक्षरे मांडणे आणि श्रेय जोडणे ही कामे यंत्राने करावीत. खरे काय, आपल्या गावाच्या मुलाला आधी काय सांगावे आणि काय विचारावे, हे शिक्षकाने ठरवावे. केंद्रातील चार-पाच शाळांनी मिळून आपल्या परिसरावरील एक पान निवडावे, ते ग्रंथाधाराने तपासावे, उणीव मूळ पानावर भरून काढावी आणि मगच त्याच्या स्लाइड काढाव्यात. अशा रीतीने एका शिक्षकाने केलेली दुरुस्ती त्याच्या वर्गापुरती न राहता, मराठीतून शिकणाऱ्या दूरच्या मुलापर्यंतही पोहोचेल.